चौसष्ट अधिक बावन्न बरोबर ऐंशी

साठ मुलांच्या वर्गात पंच्याहत्तर मुलं बसवायची कशी? बाकं वाढवायची, की पंधरा जणांना खिडकीत बसवायचं? पुंडलिकनगरमधल्या श्रेयापुढे गेले कित्येक दिवस हाच पेच होता. शाळा सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. हा पेच पोलीस भरतीच्या सराव पेपरातला होता.

प्रश्न तुमच्याआमच्या ओळखीचा आहे. एका वर्गात साठ विद्यार्थी. त्यातल्या पंचेचाळीस जणांना कबड्डी आवडते, तीस जणांना क्रिकेट. प्रत्येकाला दोन्हींपैकी निदान एक खेळ आवडतोच. तर दोन्ही खेळ आवडणारे किती? श्रेयाने सरळ बेरीज केली, पंच्याहत्तर आले. ते बघून ती घाबरली आणि तिने त्याला दोनाने भागलं, तर साडेसदतीस आले. आता अर्धा मुलगा कुठून आणायचा? तिने पेन टेबलावर आपटलं.

"काय झालं गं? गणितावरचा राग पेनावर काढायलीस का?" कंपनीतून नुकतेच आलेले नानासाहेब, म्हणजे श्रेयाचे वडील, चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि खो खो हसायला लागले. "साठात पंच्याहत्तर? पोरी, कंपनीत मी असा हिशोब दिला ना, तर दुसऱ्या दिवशी मला गेटच्या बाहेर उभं करतील!"

मंडळी, नानासाहेबांचं हे हसणं जरा लक्षात असू द्या.

श्रेयाला मात्र हसू येईना. मागच्या भरतीत तिने मैदान मारलं होतं. धावण्यात ती पुढे, गोळाफेकीत पुढे. लेखी परीक्षेत मात्र दोन गुणांनी तिची वर्दी हुकली, आणि ते दोन गुण असल्याच गणितांत गेले होते. नानासाहेबांनी तिला आणखी एक संधी दिली होती, एकच. ती हुकली की वेरूळच्या आत्याने आणलेलं स्थळ पक्कं, असं घरात ठरून गेलं होतं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. पण श्रेयाला खाकी वर्दी हवी होती, आणि ती तिला शाळेत असल्यापासून हवी होती.

"पप्पा," ती चाचरत म्हणाली, "मुकुंदवाडीच्या विहारात रत्नमाला मॅडम संध्याकाळी गणित शिकवतात. फुकट. लई चांगलं समजावतात म्हणे. मी जाऊ का?"

नानासाहेबांचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"तिकडं? आपली अभ्यासिका असताना?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी इथल्या अभ्यासिकेचा अध्यक्ष, आणि माझीच पोरगी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायली, असं लोकांनी म्हणावं का? काही इज्जत हाय का नाय?"

"अहो, पण आपल्याकडं गणित शिकवायला कोणी नाय ना," श्रेयाची आई आशाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"नसू दे! पुस्तकातनं शिकायचं. आणि ऐकून ठेव श्रेया, तिकडं दिसलीस तर अभ्यास बंद. आत्याला मी त्याच दिवशी होकार कळवतो."

आता थोडं या दोन अभ्यासिकांबद्दल सांगायला हवं. एक पुंडलिकनगरात, मारुतीच्या देवळाच्या सभागृहात. तिथे सकाळी एक निवृत्त प्राध्यापक सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण शिकवायचे. दुसरी मुकुंदवाडी स्टेशनकडे जाताना लागणाऱ्या बुद्धविहारात. तिथे संध्याकाळी रत्नमालाबाईंचं गणित. दोन्हींच्या मध्ये फार तर पंधरा मिनिटांची वाट. पण ही 'आपली' आणि ती 'त्यांची', असं दोन्हीकडच्या मोठ्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नानासाहेब वाईट माणूस नव्हते. कुणाच्या अडीनडीला धावून जायचे, तोंडाने कधी कुणाची जात काढायचे नाहीत. पण तोंडाने काढली नाही म्हणून मनातून गेली असं थोडंच असतं? आपण तिला इज्जत म्हणतो, आपलेपणा म्हणतो, शिस्त म्हणतो. नाव काहीही द्या, शेवटी लेकरांच्या वाटेत आडवी येते ती तीच!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशाबाईंनी लेकीच्या हातात वह्यांची पिशवी दिली. "जा तू. बापाचं मी बघते. तू गणित बघ."

विहाराच्या दारात सम्यक उभा होता. विहाराची अभ्यासिका तोच सांभाळायचा, झाडण्यापासून दिवे लावण्यापर्यंत. त्याने श्रेयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नानासाहेबांची पोरगी ना तू? तुमच्याकडं तर कूलर हाय, इन्व्हर्टर हाय. इथं कशाला?"

"सम्यक!" आतून आवाज आला. "गणिताला कूलर लागत नाही. तिला जागा दे."

रत्नमालाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की मागच्या ओळीतल्या पोराची झोप उडावी. त्यांनी श्रेयाचं गणित ऐकून घेतलं. मग हातातल्या दोन बांगड्या काढल्या, पिशवीतून दहा शेंगदाणे काढून सतरंजीवर ठेवले.

"हे दहा दाणे. या बांगडीत सात पाहिजेत, त्या बांगडीत सहा. एकही दाणा बाहेर राहायला नको. कर बघू."

श्रेयाने एका बांगडीत सात दाणे ठेवले. उरले तीन. ते तिने दुसऱ्या बांगडीत ठेवले. "मॅडम, अजून तीन दाणे लागतील."

"दाणे मिळणार नाहीत."

"मग कसं जमंल?"

"तू दोन्ही बांगड्या लांब लांब का ठेवल्यास? मी सांगितलं होतं का तसं?"

श्रेयाने बांगड्यांकडे पाहिलं. खरंच, बाईंनी तसं सांगितलं नव्हतं. तिने आपणहूनच ठेवल्या होत्या. तिने दुसरी बांगडी हलकेच उचलली, आणि पहिल्या बांगडीतले तीन दाणे तिच्यातही येतील अशी पहिलीवर चढवून ठेवली. इकडे सात, तिकडे सहा, एकूण दहाच!

"मॅडम!" ती ओरडलीच. "मधले तीन दोन्हीतले!"

"मग सात आणि सहाची बेरीज तेरा का येते?"

"कारण मधले तीन आपण दोनदा मोजले. तेरातनं दहा गेले, तीन. मॅडम, मग त्या पंच्याहत्तरातनं साठ गेले, पंधरा! दोन्ही खेळ आवडणारी पंधरा पोरं!"

"आता हे कधी पाठ करू नको," बाई म्हणाल्या. "पाठ केलेलं परीक्षेच्या खोलीत घाबरून पळून जातं. समजलेलं जात नाही."

श्रेया आनंदाने मागे वळली आणि चपापली. मागच्या भिंतीशी गोकुळ बसला होता! रोज सकाळी देवळाच्या अभ्यासिकेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा गोकुळ. त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. आणि गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकांच्या तासाला श्रेयाने नीट पाहिलं, तर कोपऱ्यात तोंडाला स्कार्फ बांधून एक मुलगी भराभर लिहून घेत होती. ती अमृता होती, सम्यकची सख्खी धाकटी बहीण. "दादाला नका सांगू हं ताई," ती कुजबुजली. "तो म्हणतो, तिथं आपल्याला कोण विचारतंय. पण इथल्यासारखं व्याकरण दुसरीकडं कुठं हाय?"

लेखी परीक्षा तोंडावर आली तशा रत्नमालाबाई स्वतः नानासाहेबांच्या घरी गेल्या. सोबत सम्यक होता, जरा नाराजीनेच आलेला.

"नानासाहेब, पोरांची एक सराव परीक्षा घेऊ या. दोन्हीकडच्या पोरांची, एकत्र. पेपर मी काढते. जागा तुम्ही बघा."

नानासाहेबांना नाही म्हणता येईना. पेपर चांगला मिळणार होता, आणि पोरांच्या भल्याचं कामही होतं. त्यांनी जवळच्या एका शाळेचा हॉल रविवारसाठी मागून घेतला. "आमची चौसष्ट पोरं," ते म्हणाले.

"आमची बावन्न," सम्यक म्हणाला.

"म्हणजे एकशे सोळा!" नानासाहेबांनी जागच्या जागी बेरीज केली. एकशे सोळा बाकं मांडली गेली. आशाबाईंच्या बचत गटाने एकशे सोळा जणांचे पोहे केले. बाकांचे दोन भाग होते. डावीकडे देवळाची पोरं, उजवीकडे विहाराची, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी मोकळी वाट. ही मांडणी अर्थात नानासाहेबांची, आणि सम्यकलाही ती मनापासून पसंत पडली. भांडणाऱ्यांचंही कधी कधी असं छान जमतं.

रविवारी सकाळी दाराच्या एका बाजूला नानासाहेब उभे राहिले, दुसऱ्या बाजूला सम्यक. दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. नानासाहेब आपली पोरं मनात मोजत होते, सम्यक आपली. संध्याकाळी विहारात बसणारं प्रत्येक पोर सम्यकच्या लेखी फक्त विहाराचंच होतं. पोरं आत गेली. नानासाहेबांची चौसष्टच्या चौसष्ट आली. सम्यकची बावन्नच्या बावन्न आली. दोघांचीही छाती फुगली. आणि आत येऊन बघतात तर काय, छत्तीस बाकं रिकामी!

"तुमची पोरं आली नायत," नानासाहेब म्हणाले.

"काका, आमची सगळी आलीत. बावन्न मी स्वतः मोजली. तुमचीच कमी हायत."

"माझी चौसष्ट हायत! मी काय आंधळा हाय का?"

"मग हॉलात ऐंशीच कशी?"

दोघांनी पुन्हा मोजलं. ऐंशी. नानासाहेबांनी दाराबाहेर जाऊन पाहिलं, बाथरूमकडे एक चक्कर मारली. छत्तीस पोरं दारातून आत आली आणि गेली कुठे? "भुताटकी झाली का काय!" ते पुटपुटले. सम्यकचा आवाज चढला, नानासाहेबांचाही चढला. तुम्ही पोरं फुगवून सांगितली, तुम्ही खोटं बोललात, इथवर गोष्ट गेली. आता परीक्षा राहते बाजूला आणि दोन वस्त्यांचं भांडण उभं राहतं, अशी वेळ आली. रत्नमालाबाई फळ्याजवळ शांत उभ्या होत्या. त्यांची नजर पोरांवर होती, आणि पोरांच्या माना खाली होत्या.

डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर श्रेया बसली होती. तिला उत्तर ठाऊक होतं. हॉलातल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? ती बोलली तर अभ्यास बंद, आत्याला होकार, वर्दी कायमची गेली. गप्प बसली तर सगळं सुरळीत. तिने समोर पाहिलं. वडील सम्यकला खोटारडा म्हणत होते, आणि सम्यक खोटं बोलत नव्हता.

श्रेया उठली आणि मधल्या मोकळ्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"पप्पा, मला दोनदा मोजलंय."

नानासाहेब तिच्याकडे वळले.

"तुम्ही मला दारात मोजलं. सम्यकदादांनी पण मोजलं. मी सकाळी आपल्या अभ्यासिकेत बसते आणि संध्याकाळी विहारात गणिताला जाते. तुम्ही सांगितलं होतं, तिकडं दिसलीस तर अभ्यास बंद. बंद करायचा तर करा." तिने एकदा सम्यककडे पाहिलं आणि पुन्हा वडिलांकडे. "पण आज गप बसून तुम्हाला भांडू दिलं, तर उद्या वर्दी घालून मी लोकांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

नानासाहेब एक पाऊल पुढे आले. तेवढ्यात डावीकडून बाक वाजलं. गोकुळ उठला आणि श्रेयाच्या शेजारी येऊन थांबला. मग उजवीकडून अमृता उठली.

"अमू, तू?" सम्यकने विचारलं.

"व्हय दादा. व्याकरणाला जाते मी देवळात. तुला भिऊन तोंड बांधून जाते."

आणि मग डावीकडून दोन, उजवीकडून तीन, मागून चार, अशी पोरं उठायला लागली! बघता बघता ती रिकामी वाट भरून गेली. डावीकडे अठ्ठावीस पोरं उरली, उजवीकडे सोळा, आणि मध्ये खांद्याला खांदा लावून छत्तीस पोरं उभी!

रत्नमालाबाई पुढे आल्या. "नानासाहेब, सम्यक, तुम्ही दोघंही खरं बोललात. तरी हिशोब चुकला. का चुकला? एकाने 'माझी' म्हणून मोजली, दुसऱ्याने 'आमची' म्हणून मोजली. दोन्हीकडची कोण, हे कुणी विचारलंच नाही. मीही बोलले नाही, ती माझी चूक. मला वाटलं, पोरं शिकतायत ना, शिकू देत. पण आज बघा त्यांच्याकडे. ओठांवर बोट ठेवून, तोंडं झाकून ही लेकरं येतात. शिक्षण ही काय चोरून करायची गोष्ट आहे? आपल्या पोरांना शाळेची पायरी चढू द्यावी म्हणून इथल्या माणसांनी किती सोसलं! आणि आज आपणच त्यांना कुठल्या दाराने जायचं ते सांगणार?"

नानासाहेब हळूहळू फळ्याकडे गेले. त्यांनी खडू उचलला. चौसष्ट लिहिले, खाली बावन्न लिहिले, बेरीज केली, एकशे सोळा. त्यातून ऐंशी वजा केले. छत्तीस. मग ते वळले आणि मधल्या पोरांना एकेक करून बोटाने मोजत गेले. छत्तीसच भरली. शेवटचं बोट श्रेयावर येऊन थांबलं.

"पोरी," ते म्हणाले, "तू साठात पंच्याहत्तर आणली म्हणून मी तुला हसलो. मी तर ऐंशीत एकशे सोळा आणली!"

हॉलात हशा पिकला. नानासाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"माझं चुकलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमचं-तुमचं करताना मला माझीच पोरगी दिसली नाय. सम्यक, ये रे बाबा. ही बाकं धर तिकडून. ही मधली वाट बंद करू."

सम्यक पुढे आला. "काका, मीपण तेच करत होतो," तो खाली बघत म्हणाला. दोघांनी पहिलं बाक सरकवलं, मग पोरांची झुंबड उडाली, आणि बाकांच्या खडखडाटात हॉलाचे दोन भाग एक झाले. पेपर सुटल्यावर आशाबाईंनी दारातून हाक दिली, "पोहे दुसऱ्यांदा घ्या रे सगळे, छत्तीस प्लेटा जास्तीच्या हायत!" दोनदा मोजण्याचा एवढाच काय तो फायदा.

पुढे खरी लेखी परीक्षा झाली. त्यात प्रश्न आला. गावात दोनशे कुटुंबं, एकशे तीस ज्वारी पेरतात, एकशे दहा कापूस लावतात, वीस जण दोन्ही घेत नाहीत. दोन्ही घेणारे किती? श्रेयाने आधी ते वीस बाजूला काढले. उरले एकशे ऐंशी. दोन्ही पिकांची बेरीज दोनशे चाळीस. साठ! तिने उत्तर लिहिलं आणि मनाशी हसत पुढच्या प्रश्नाकडे वळली.

निकालाच्या दिवशी पुंडलिकनगरात फटाके वाजले. श्रेया पोलीस झाली होती! गोकुळ झाला, अमृता झाली. नानासाहेबांनी वेरूळच्या आत्याला फोन केला, "स्थळाचं राहू दे आक्का, आता आमची पोरगी सांगंल तवा बघू." मग पेढ्यांचा पुडा घेऊन ते थेट विहारात गेले, पायातल्या चपला दाराशी काढल्या आणि सतरंजीवर बसले.

"बाई, इतकी वर्षं इथनं येणंजाणं करतो," ते म्हणाले, "आत पहिल्यांदाच आलो."

"या ना," रत्नमालाबाई म्हणाल्या. "दार कधीच बंद नव्हतं."

त्याच आठवड्यात शेजारच्या कॉलनीतले एक गृहस्थ नानासाहेबांना भेटायला आले. त्यांनाही आपल्याकडे अभ्यासिका काढायची होती. "तुमच्या अभ्यासिकेची किती पोरं पोलिसात लागली हो?"

"अकरा."

"आणि विहाराची?"

"नऊ."

"वा! म्हणजे वीस पोरं लागली की!"

"नाय, तेरा," नानासाहेब म्हणाले. गृहस्थ गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. नानासाहेबांनी आशाबाईंना चहा टाकायला सांगितला आणि कागद पुढे ओढला. "बसा. हे समजल्याशिवाय अभ्यासिका काढू नका."

वाचकहो, आपल्या गल्लीत, सोसायटीत, कचेरीत आपण रोज अशी माणसं मोजतो, आमची इतकी आणि त्यांची इतकी. पुढच्या वेळी मोजाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा, दोन्हीकडची किती? ती आपल्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त निघतात, फक्त आपल्याला भिऊन गप्प बसलेली असतात. त्यांना भीती घालायची नाही, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. पुंडलिकनगर आणि मुकुंदवाडीच्या मोठ्या माणसांनी तेवढंच केलं. सकाळ-संध्याकाळ त्या वाटेवरून आता पोरं दोन्ही दिशांनी घोळक्याने जातात, आणि उजळ माथ्याने जातात.